टायरवर दोन बोटं

तो दिसायच्या आधी मला त्याची गाडी ऐकू आली. खर्रर्र... खट्!

सापगावात आमच्या गॅरेजसमोरच एक ब्रेकर आहे. त्यावर कोण पोट घासतंय हे मला आवाजावरून कळतं. ही होती जुनी पांढरी मारुती, जवळजवळ जमिनीला टेकलेली. आतून एक उंच मुलगा उतरला आणि गुडघ्यावर बसून गाडीखाली बघू लागला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तुमचा ब्रेकर लय उंच हाय.”

“ब्रेकर हाय तेवढाच हाय. गाडी बसलीय तुमची.”

हसला मेला! चूक स्वतःची असताना हसणारी माणसं मला आवडत नाहीत... म्हणजे, तोवर आवडत नव्हती.

मी जॅक लावला. चाक हवेत लोंबलं, तशी आतली स्प्रिंग मी एका हाताने गरागरा फिरवून दाखवली. “कुणी कापली ही?”

“मित्रानं. मनोजनं. त्याच्याकडं लोखंड कापायचा ग्राइंडर होता, तर...”

“ग्राइंडर हाय म्हणून काय पण कापायचं? ही घट्ट बसायला पायजे. खड्ड्यात चाक लोंबलं की जागेवरनं निसटंल, मग गाडी तुमचं ऐकायची नाय. चावी द्या.”

“का?”

“गाडी आज इथनं हलायची नाय. तुमी टमटमनं जा.”

बाकड्यावर बसलेले बाबा म्हणाले, “दे रे बाबा चावी. ती माझं पण ऐकत नाय.” बाबांची कंबर गेल्यापासून गॅरेज मीच चालवते, त्यामुळे ऐकायचं कुणी हा प्रश्नच नाही.

त्याचं नाव प्रज्वल. मुरबाडकडचा, आटगावच्या एका गोदामात कामाला. गाडी वडलांची, ते गेल्यावर याच्याकडे आली. “नवी घ्यायची ऐपत नाय,” तो म्हणाला, “म्हटलं हीच जरा खाली घेऊन देखणी करू. बारा हजार हायत. होईल?” हे सांगताना त्याने मान खाली घातली नाही. ते मला बरं वाटलं.

“होईल. पण स्टिकर नाय, लायटी नाय. चारी स्प्रिंगा एका सेटमधल्या, मुळातच आखूड अशा, कल्याणच्या भंगारवाल्याकडनं मी स्वतः बघून आणीन. धक्का झेलणारे पुढचे दोन शॉकअप गेलेत, ते नवे. आणि माणसं बसल्यावर टायरच्या वर, पत्र्याखाली, दोन बोटं जागा उरली पायजे.”

“एक बोट?”

“दोन.”

“दीड?”

“भाजी घेताय का?”

पुन्हा हसला. या वेळी मलाही हसू आलं, म्हणून मी पाना शोधायचं निमित्त करून आत गेले.

मग तो रोज कामावरून सुटला की यायचा. भाताची झोडणी नुकतीच उरकलेली, हवेत पेंढ्याचा वास, संध्याकाळी जरा गारवा. तो पेरू आणायचा, सोबत कागदाच्या पुडीत तिखट-मीठ. मी गाडीखाली आणि तो टॉर्च धरून बाजूला. एकदा उजेड बोल्टवरून हळूहळू सरकला तो थेट माझ्या तोंडावर आला.

“टॉर्च बोल्टवर धरा.”

“बोल्टवरच हाय की.”

“बोल्ट माझ्या नाकावर हाय काय?”

“नाकावर ग्रीस हाय...” तो हळूच म्हणाला. त्याने खिशातला रुमाल पुढे केला. स्वच्छ, घडी घातलेला. मी नाक पुसलं आणि रुमाल परत द्यायचा विसरले. खरं सांगू? विसरले नव्हते.

शुक्रवारी स्प्रिंगा बसल्या. आता माप. आमच्या गॅरेजात रिकामी गाडी कधीच मोजत नाहीत, ही बाबांची पद्धत. गाडीत जेवढी माणसं बसणार, तेवढ्या वजनाची भाताची पोती ज्याच्या त्याच्या जागेवर ठेवायची आणि मग टायरवर बोटं लावायची. यंदाचं भात घरात आलेलंच होतं.

“मागं कोण?” मी विचारलं.

“आई आणि मामा.”

मागे दोन पोती गेली. चालवायला तो स्वतः बसला. “पुढं डावीकडं?”

तो स्टिअरिंगवरची धूळ पुसू लागला. मग म्हणाला, “ती जागा... म्हणजे रविवारी किन्हवलीला मुलगी बघायला जायचंय. आईनं ठरवलंय. जमलं तर पुढं...”

मला असा राग आला की विचारू नका. पाच दिवस माझ्याकडे टॉर्च मारत बसला आणि आता सांगतो!

“किती किलोची हाय?” मी विचारलं.

“काय माहीत... बघितलीय कुठं?”

मी पन्नास किलोचं पोतं धाडकन डाव्या सीटवर टाकलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं.

तो गेल्यावर कोपऱ्यातल्या कापलेल्या स्प्रिंगांकडे माझी नजर गेली. त्या परत चढवल्या तर? किन्हवलीच्या पहिल्याच ब्रेकरवर पोट घासेल, सगळ्यांसमोर फजिती होईल, सोयरीक तिथेच अडकेल. हो, आला असा विचार. का खोटं बोलू? पण त्या गाडीत तो बसणार होता, त्याची आई बसणार होती, आणि ती कोण असेल ती. मी प्रत्येक नट दुसऱ्यांदा आवळला. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना बघितलं. मग आत जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ.

शनिवारी शहापुरात चाकांची अलाइनमेंट करून त्याला चावी दिली. “उतारावर जपून,” एवढंच बोलले. तो काहीतरी बोलणार होता... पण मी दुसऱ्या गाडीखाली शिरले. त्या गाडीला काही झालं नव्हतं. मारुतीतली मागची दोन पोती तेवढी बाबांनी उतरवून घेतली.

रविवारी माझ्या भाकऱ्या करपल्या. बाबा म्हणाले, “गो अक्षदा, कुणाचा राग पिठावर काढतेस?” मी पुढची भाकरी तव्यावर आपटली.

अकराच्या सुमारास अंगणात पाठमोरी बसून हवा भरत होते. मागे हॉर्न वाजला आणि मी दचकले. पांढरी मारुती! ब्रेकर ओलांडून आली होती आणि मला काहीच ऐकू आलं नव्हतं. माझंच काम, माझ्यावरच उलटलं.

मागच्या सीटवर एक बाई आणि फेटेवाले मामा. पुढे डावीकडे माझं भाताचं पोतं, जसंच्या तसं, वर पट्टा लावलेला.

“किन्हवली मागं राहिली,” मी म्हणाले.

“शनिवारीच फोन करून माफी मागितली त्यांची,” प्रज्वल म्हणाला. “उगा ताटकळत कशाला ठेवायचं?”

त्याची आई उतरली, मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “आठवडाभर याच्या तोंडात तुझं नाव, गो. घरात जेवताना पण स्प्रिंगा. शेवटी म्हटलं, मुलगी बघायचीच हाय ना, मग ही बघू.”

माझ्या हाताला ग्रीस, ओढणी कमरेला खोचलेली. कुठे तोंड लपवू कळेना. प्रज्वलने पट्टा सोडला आणि पोतं उतरवून ओट्यावर ठेवलं.

“पोत्यावरनं माप घेतलेलं मला पटलं नाय,” तो म्हणाला. तोंड लाल झालं होतं त्याचं. “माणसं बसल्यावर दोन बोटं, तुमीच म्हणालात. मला... या जागेवर तूच पायजेस, अक्षदा. दुसरी कोण नको. बसतेस?”

“मी बावन्न किलोची हाय. दोन किलो जास्ती.”

“स्प्रिंग सोसंल ना?”

“मी बसवलीय ती,” मी म्हणाले. “न सोसायला काय झालं?”

खिशातून त्याचाच रुमाल काढला, हात पुसले आणि बसले. गाडी हलकेच खाली आली आणि थांबली. बाबा बाकड्यावरून उठले. दुखऱ्या कमरेला हात लावून वाकले आणि डाव्या टायरच्या वर बोटं घातली. त्याची आई, मामा, तो, सगळे त्या बोटांकडे बघत होते.

“दोन,” बाबा म्हणाले. “बरोबर हाय माप.”