काहीही असो, पण दिसू दे

परदेशात, दूर उत्तरेकडे जाणाऱ्या एका रस्त्यावर गाडी अगदी सावकाश चालली होती. घाई कसलीच नव्हती. तळं लागलं की थांबायचं, थर्मासमधला चहा घ्यायचा, पाखरं बघायची आणि पुढे निघायचं. गाडी काकू चालवत होत्या. काका शेजारी दुर्बीण गळ्यात अडकवून बसले होते. आयुष्यभर आपल्या दुकानात घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, केसासारख्या स्प्रिंगा चिमट्यानं उचलणारा. पण अलीकडे त्यांच्या नजरेच्या ऐन मधोमध धुकं साचलं होतं. समोरच्याचा चेहरा दिसेनासा झाला होता, कडेकडेचं काय ते दिसे. जे बघायचं असेल ते आताच बघून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकांना रानातली जनावरं बघायची होती.

थट्टा मात्र सुटली नव्हती. "तुझ्या या वेगानं गेलो," ते म्हणत, "तर हरणंच मागून हॉर्न वाजवतील."

काकू हसत, पण मन थाऱ्यावर नव्हतं. सकाळीच तळ्याकाठी त्यांना कोल्हा दिसला होता. त्यांनी बोट दाखवलं. काका बराच वेळ दुर्बीण फिरवत राहिले आणि मग म्हणाले, हो हो, छान आहे. खोटं बोलताना त्यांचा आवाज नेहमीच बारीक होई. तिथंच काकूंनी मनाशी नेम केला की यांना जनावर दिसेपर्यंत आपण रस्ता सोडून कुठे बघायचं नाही. असले नेम त्यांच्या अंगवळणी पडले होते. मुलीच्या दुखण्यात त्यांनी गोड सोडलं होतं आणि मुलगी खडखडीत बरी झाली होती. मागताना मागणं नेमकं असावं, हेही त्या जाणून होत्या. पण त्या सकाळी जीव कासावीस झालेला, आणि देवापुढे शब्द निघाले ते एवढेच... काहीही असो, पण यांना दिसू दे.

संध्याकाळ झाली. तिकडची उन्हाळी संध्याकाळ सरता सरत नाही. ऊन विझतं, पण अंधार काही येत नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दलदल होती आणि तिच्यात पांढऱ्या खोडांची झाडं मुकाट उभी होती. उघड्या काचेतून कुजक्या पानांचा ओला वास आत येत होता. रेडिओ केव्हाच खरखरून गप्प झाला होता.

"थांबव," काका हळूच म्हणाले. "हरीण आहे. केवढी शिंगं... डाव्या कानाला चीर आहे बघ. अगं, त्याच्या पापण्या दिसतायत मला."

आवाज मुळीच बारीक झाला नव्हता. काकूंचे डोळे भरून आले. गाडी थांबवून त्यांनी हात जोडले आणि मगच मान वळवली. नुसतं गवत होतं. पातंही हलत नव्हतं.

गेलं असेल, असं म्हणून त्या पुढे निघाल्या. पण पुढच्या वळणावर काका म्हणाले, तेच उभं आहे. त्यापुढच्या वळणावरही तेच होतं, आता जरा जवळ. दुर्बीण त्यांनी काढून मांडीवर ठेवली होती. ते आपल्याबरोबरच निघालंय, ते कौतुकानं सांगू लागले, आपण हळू झालो की हळू होतंय, आपण पळालो की पळतंय.

"बघतंय कुठे?" काकूंनी विचारलं.

"तुझ्याकडे."

काकूंनी गाडी कडेला घेतली. एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, यांची नजर परत आलीय की माणूसच हातचा चाललाय. देवानं दिलेल्याची भीती कसली, असं स्वतःला बजावून त्या उतरल्या. चिखल बूट सोडेना. काका काचेतून हात करून सांगत होते, जरा पुढे... आणखी थोडी...

"बास. आता हात लांब कर."

त्यांनी हात लांब केला. हाताला काहीच लागलं नाही. तळव्यावर फक्त ऊब आली, कुणी अगदी जवळून श्वास सोडावा तशी, आणि ओसरली. काकू धडपडत परतल्या, आत बसल्या, दार ओढून घेतलं. तिथे काही नाही हो, म्हणाल्या.

काका बाहेरच बघत होते. चेहऱ्यावर असं सुख काकूंनी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

"किती दिवसांनी चेहरा दिसला गं तुझा," ते गवताकडे बघत म्हणाले. "केस बरेच पिकले की. आणि स्वेटरचं वरचं बटण कुठे हरवलंस?"

काकूंचा हात गळ्याशी गेला. बटण नव्हतं. नुसता दोरा लोंबत होता.

"अहो... मी इथे आहे. तुमच्या शेजारी. बघा ना इकडे..."

काका वळले. डोळे स्वच्छ होते, धुक्याचा मागमूस नव्हता. त्यांनी काकूंना नीट निरखून पाहिलं, दुकानात नवीन आलेल्या माणसाला पाहावं तसं. काकूंनी किल्ली फिरवली. गाडी हलली, तशी काकांनी घाईघाईनं दाराची कडी धरली आणि गिऱ्हाइकाशी बोलायच्या त्या मऊ, अदबीच्या आवाजात म्हणाले,

"जरा थांबता का, बाई? माझी बायको बाहेर राहिलीय... ती बघा, धावत येतेय."