मधेच काढलेली पिन

दिवे येईपर्यंत बसा इथंच. ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्यावं. गजेंद्रगडचा विरूपाक्ष, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, ओळखता ना? गेल्या दसऱ्याच्या रात्रीची ही हकीगत त्यानं याच ओट्यावर बसून सांगितली. तेव्हापासून तो अंधार पडल्यावर कुणाच्या घरी कामाला जात नाही.

वीरू बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटून नुकता घरी टेकला होता, तोच गुरुसिद्धप्पा मास्तरांचा फोन आला. "तम्मा, शिवलीलाचा कॉम्प्युटर सुरू होत नाही. जरा येऊन बघतोस?"

शिवलीला म्हणजे मास्तरांची एकुलती लेक, श्रावणात बसच्या अपघातात गेलेली. आई नागव्वा आंधळी. पोरगी तिला रोज गोष्टी वाचून दाखवायची आणि आपल्या आवाजात कॉम्प्युटरवर भरूनही ठेवायची. प्रत्येक गोष्टीच्या आधी म्हणायची, "अव्वा, आधी जेव, मग वाचते." ती गेल्यावर मास्तर रात्री तेच लावायचे. लेकीचा आवाज ऐकला की म्हातारी दोन घास खायची. कालपासून आवाज नव्हता, आणि तिच्या पोटात अन्न नव्हतं.

"झालं काय, मास्तर?" वीरूनं पोचल्या पोचल्या विचारलं.

"काल आयुधपूजा. सगळ्या यंत्रांना विश्रांती, आणि ह्याचं आपलं गरगर चालूच. अपडेट होतंय, बंद करू नका, म्हणत होतं. म्हटलं, सणासुदीला कसलं काम? पिन काढली आणि कुंकू लावलं."

वीरूनं कपाळाला हात लावला. आमच्या भागात दर आयुधपूजेला अशी दोनचार यंत्रं भक्तीनं मरतात.

कीबोर्डच्या कळांवरही कुंकू माखलं होतं. ते त्यानं ओल्या फडक्यानं लख्ख पुसलं, कुंकवाची वाटी बाजूला सारली आणि कामाला लागला. पेन ड्राइव्ह लावून पाहिला. अपडेट मागं फिरवून पाहिलं. दर वेळी तोच निळा पडदा, सहा-सहा आकड्यांच्या आठ चौकोनांत लांबलचक किल्ली मागणारा. कुलूप शिवलीलानं घातलेलं. अपडेट मधेच तुटलं की यंत्र घरच्यांनाही चोर समजतं. किल्ली तिच्या मोबाइलमध्ये होती, आणि मोबाइलचा अपघातात चुरा झालेला.

"कॉपी नाही काढली कुठं?"

"लेक घरातच आहे असं वाटायचं रे... कॉपी कशाला काढू?"

"सगळं पुसून नवं घातलं तर कॉम्प्युटर चालेल, मास्तर. आवाज नाही मिळणार."

मास्तर भिंतीपाशी, पिनेजवळ, नुसते उभे राहिले. वीरूला वाटलं, आपण हे काम शिकलोच नसतो तर बरं झालं असतं.

साडेअकरा झाले होते. तो पिशवी भरायला वळला.

टक्.

त्यानं मागं पाहिलं. पडद्यावर एक आकडा उमटला होता.

टक्. टक्.

कळांपाशी कुणी नव्हतं. आकडे येत होते. सहा झाले की जरा थांबायचं... मग पुढचे सहा.

आतल्या खोलीतून नागव्वाचा आवाज आला. झोपेतला नव्हता. "आली का गं? ...तिचीच बोटं आहेत, अहो. तिचाच ठेका."

वीरूला ओरडायचं होतं. हात लावू नका, मास्तर, कशालाच हात लावू नका. पण तो पिशवी धरून नुसता बघत राहिला.

टक्. टक्.

शेवटचा चौकोन भरला. आता एक एंटर... बस.

मास्तर दोन महिने देवाजवळ जिला मागत होते, ती आली होती. आणि बाप घाबरला.

त्यांनी पिन ओढली.

पडदा काळा पडला.

मग आतून, अगदी हळू, "थांबली का? ...बोलली नाही ती."

ते यंत्र पुन्हा उजळलंच नाही. वीरूनं हुबळीपर्यंत नेलं, तिथल्यांनीही हात टेकले. नागव्वा पुढं फार दिवस राहिली नाही.

पण त्या रात्री, निघण्याआधी, वीरूनं मोबाइलचा उजेड कळांवर धरला होता. त्यानं स्वतः लख्ख पुसलेल्या कळांवर. आकड्यांच्या कळांवर एकेका नाजूक बोटाचं ओलं कुंकू होतं.

एंटर तेवढी कोरी होती.