शेवटचं ठणठणीत कोणी पाहिलं?

सौंसरच्या बस स्टँडवर वैभव नेमका समोर आला आणि तृप्तीचं डोकं सकाळीसकाळीच तापलं. पांढुर्ण्याची बस अजून लागायची होती, म्हणजे पळायलाही वाट नव्हती.

"फोन काऊन नाई उचलून राहिली?" त्यानं हळूच विचारलं.

"माह्या बाबाशी बोलला का तू?"

"बोलतो ना... संत्र्याचा तोडा होऊ दे—"

"मागच्या साली कापूस होता, आता संत्री! शाळेत पोरांवर दिवसभर ओरडतो. बाबासमोरच तुह्या तोंडाले लकवा मारते काय?"

तो हसला. ती हसली नाही, बस लागताच तरातरा चढून बसली.

तृप्ती पांढुर्ण्याच्या एका खासगी दवाखान्यात इमर्जन्सीची नर्स होती. स्ट्रोक म्हणजे लकवा, त्यावर उत्तम उपचार करणारा दवाखाना म्हणून मानांकन हवं होतं आणि त्यासाठी महिनाभर सगळ्यांची नुसती तारांबळ उडाली होती. आज तपासणीची माणसं नागपूरहून येऊन कोपऱ्यात उभी होती. साडेअकराच्या सुमारास दार ढकलून एक स्ट्रेचर आत आलं.

स्ट्रेचरवर वैभव होता. तोंड वाकडं, उजवा हात लोंबकळलेला.

सकाळचं बोलणं तृप्तीला आठवलं. जळो माझी जीभ! पण हात थांबले नाहीत. "हस... दात दाखव... दोन्ही हात वर कर." उजवा हात धपकन पडला. तिनं शुगर पाहिली, सीटी स्कॅनवाल्याला हाक मारली.

"याला ठणठणीत असताना शेवटचं कोणी पाहिलं?" डॉक्टर मृणाल विचारत होत्या. "इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, वेळ कळायला हवी. सोबत कोण आहे?"

सोबत कोणीच नव्हतं.

"मी पाहिलं," तृप्ती म्हणाली.

"तू? तुझा कोण हा?"

तिच्याच गल्लीतले वॉर्डबॉय नत्थूजी कान टवकारून उभे होते. दोन वर्षं लपवलेलं एका क्षणात सांगायचं होतं.

"माझं लग्न व्हायचं आहे याच्याशी. सकाळी आठला बस स्टँडवर चांगला होता. मीच भांडले. मॅडम, वेळ आहे अजून, द्या ना इंजेक्शन!" तिला हुंदका आवरेना.

"उत्तम!" कोपऱ्यातल्या साहेबांनी घड्याळ थांबवलं. "मॉक ड्रिल संपली."

वैभवचं तोंड सरळ झालं.

तृप्तीनं उशी उचलून त्याच्या थोबाडावर हाणली. "माणूस हायेस का कसाई? माहा जीव चालला होता!"

"लकव्याचं सोंग कराले अनोळखी माणूस पाहिजे होता या लोकायले... तू फोन उचलत नव्हती, म्हटलं भेट तरी—"

"अशी भेट?" ती गर्रकन डॉक्टरांकडे वळली. "मॅडम, मानांकन भिंतीवर लावाल ना, माझी अब्रूही शेजारीच टांगा!"

मृणाल मॅडमनी मान खाली घातली. वैभव उठू लागला.

"पडून राय!" तृप्तीनं त्याला मागं लोटलं. "एक तपासणी बाकी हाये. मी सांगते तसं वाक्य म्हणाचं. आज संध्याकाळी मी तृप्तीच्या घरी मागणी घालाले येतो, असं म्हण!"

"आज... संध्याकाळी... मी..."

"जीभ अडखळली. खराच लकवा दिसते."

वैभवनं एकदा नत्थूजींकडे पाहिलं. मग पोरांवर ओरडायच्या आवाजात, पार बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "आज संध्याकाळी मी तृप्तीच्या घरी मागणी घालाले येतो!"

"आयकलं बरं मी," नत्थूजी म्हणाले.

तृप्तीचा राग काही गेला नव्हता. तिनं त्याचा उजवा हात धरला आणि कचकन दाबला.

"दुखलं?"

"लय."

"मंग ठणठणीत हायेस," डोळे पुसत ती म्हणाली. "ऊठ, सौंसरची बस सुटीन."