खिडकीकडे बघणारा

माझ्या प्रबंधाच्या फायली एका सकाळी उघडेचनात, म्हणून त्याला प्रयोगशाळेत बोलावलं. संस्थेतले सगळे कॉम्प्युटर तोच बघायचा. आम्ही त्याला वैद्यबुवा म्हणायचो.

पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरलाच चिकटवलेली होती, सगळ्यांच्या सोयीसाठी. त्याने ती वाचली, मग माझ्याकडे पाहिलं.

"कुलूप लावून किल्ली दारालाच टांगता?"

"हरवत नाही ना तशी," मी म्हणाले.

तो हसू दाबत खाली बसला... आणि मग येतच राहिला. फायली परत मिळवल्या, मशीनमधलं सगळं पुसून ते नव्याने उभं केलं, प्रत्येकाला वेगळं खातं दिलं, कॅमेऱ्यावर कागदाचा तुकडा लावला. पासवर्ड म्हणून अख्खं वाक्य घ्या, म्हणाला, जे कुणालाही बोलून दाखवणार नाही असं. प्रयोगशाळेतल्या ताई म्हणाल्या, एवढं औषधपाणी त्यांनी माणसाचंही होताना पाहिलं नव्हतं.

मी पासवर्ड टाइप करू लागले की तो खिडकीकडे तोंड करून उभा राहायचा. दर वेळी. बाहेर होती शेजारच्या इमारतीची काळपट भिंत. ती इतकी मन लावून बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग कळलं, त्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली आहे. शेवटच्या दिवशी, सगळं नीट चालतंय ना बघायला तो आला. मी कीबोर्डवर हात ठेवले, तो सवयीने वळला.

"आज वळू नका."

"नियम आहे हो..."

"असू दे."

वाक्य टाइप केलं, आणि शेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं. ठिपक्यांची अक्षरं झाली – खिडकीकडे बघणारा माणूस मला आवडतो.

त्याचे कान लाल झाले.

"हा आता बदलावा लागेल," तो हळूच म्हणाला. "दुसऱ्याने पाहिलेला पासवर्ड..."

"एवढंच?"

"नाही." तो खिडकीकडे बघू लागला. "या काचेत स्क्रीन दिसत नाही... तुम्ही दिसता."

वाक्य मी त्याच दिवशी बदललं. नवं काय ठेवलं, हे त्याने इतक्या वर्षांत विचारलेलं नाही. आमच्या घरात टेबलाजवळ खिडकी नाही. मी टाइप करू लागले की तो उठतो, आणि कपाटाच्या आरशाकडे तोंड करून उभा राहतो.