थोरलीचा फोटो

विचारलंस म्हणून सांगतो. मध्ये बोलू नकोस.

लोकांच्या घरी जाऊन फोटो काढणं हा माझा रोजचा धंदा. त्या दुपारीही खांद्याला कॅमेरा अडकवून मी अशाच एका घरी गेलो होतो. त्या घरची थोरली मुलगी तापाने गेली होती. भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता.

"जुना एखादा द्या, मोठा करून देतो," मी म्हणालो.

आईवडिलांनी एकमेकांकडे पाहिलं. जुना नव्हताच. थोरलीच्या डाव्या गालावर जन्मापासून जांभळा डाग होता, डोळ्यापासून हनुवटीपर्यंत पसरलेला. घरात फोटो निघायचा झाला की तिला चहा टाकायला पाठवत. पाहुणे आले की ती मागच्या अडगळीच्या खोलीत जाऊन आतून कडी लावून घेई. पुढेपुढे तर तिला सांगावंही लागत नसे.

"धाकटीला बसवा," वडील म्हणाले. "दोघींचे नाकडोळे सारखेच. लोकांना काय कळतंय?"

"बाबा, तो माझा फोटो होईल. ताईचा नाही."

"मेल्यावर तरी तिला नीट दिसू दे गं," आई म्हणाली आणि थोरलीची साडी धाकटीच्या हातात कोंबली.

धाकटी खिडकीपाशी बसली. मी बटण दाबलं, आणि मागच्या खोलीची कडी वाजली. सावकाश... आतून कुणी काढावी तशी. दार कुरकुरलं. बंद खोलीचा कुबट वास घरभर पसरला.

"उंदीर असेल," वडील पुटपुटले.

उंदीर कड्या काढत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण उठून बघायला कुणी गेलं नाही.

फोटो झकास आला. येणारेजाणारे म्हणू लागले, "किती देखणी होती हो पोर!" जिवंतपणी जिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, तिच्या फोटोपुढे तेच लोक डोळे टिपत.

पुढे एकदा धाकटी माझ्या दुकानात आली. मी फोटोंच्या कडा कापत होतो.

"काका, माझ्या तोंडावर काही आहे का हो?"

"का गं?"

"कुणी बघतच नाही माझ्याकडे. आई ताटाकडे बघत वाढते. बसमध्ये शेजारची बाई उठून गेली. आरशात तर मला डागबिग काहीच दिसत नाही..."

"मनाचे खेळ असतात," मी म्हणालो. आणि लक्षात आलं, ती आल्यापासून मी कात्रीकडेच बघतोय.

मी नजर वर न्यायला गेलो. नजर तिच्या खांद्यापर्यंत पोचली, आणि शेवाळावरून पाय सटकावा तशी खाली आली.

"कॅमेऱ्यातून बघा ना," ती रडवेली झाली.

मी कॅमेऱ्याला डोळा लावला. चेहरा निर्मळ होता. साधा तीळही नाही. हायसं वाटलं.

"अगं वेडे, काहीसुद्धा नाहीये!" म्हणत मी मान वर केली... आणि माझे डोळे आपोआप जमिनीकडे वळले.

"तुम्हीपण, काका?"

दुकानात आम्ही दोघंच होतो. तिच्या मागच्या कोपऱ्यातून कुणीतरी अगदी हळू, समजूत घालावी तसं म्हणालं,

"होईल सवय..."