मागचे चार मणी

आमच्या खामगावच्या घराच्या मागच्या अंगणातलं तुळशीवृंदावन माझ्या कमरेएवढं आहे. त्याच्यामागे लहान मूल बसलं तर दिसणार नाही, पण उभं माणूस लपणार नाही. पुढं लागेल म्हणून हे आधीच सांगते.

माझा नियम साधा आहे. पहाटे स्नान, तुळशीला पाणी, दिवा, आणि मग पायरीवर बसून एकशे आठ मण्यांचा जप. माझी धाकटी जाऊ सिंधू त्याच वेळी तुळशीला पाच प्रदक्षिणा घालायची. एका मण्याला एक नाम. तिच्या एका फेरीला माझे बारा मणी जायचे, त्यातले चार ती वृंदावनाच्या पलीकडे असताना. घड्याळ बघायची मला कधी गरज पडली नाही.

सिंधूचे यजमान, म्हणजे माझे दीर वामनराव, शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांचे चिखलीचे मित्र हिंमतराव यांनी मुंबईत सिनेमाची कंपनी काढली. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर कंपनीची निशाणी दाखवतात, ती काढायचं काम भाऊजींकडे आलं. एकसष्टच्या पहिल्या सिनेमात नुसता रंगवलेला फळा होता, त्यावर तुळशीपाशी उभी बाई. दुसऱ्या सिनेमाला हिंमतराव म्हणाले, बाई चालली पाहिजे.

मग भाऊजींनी टेबलात काच बसवली, खाली दिवा लावला आणि पातळ कागदावर कागद ठेवून चित्रं काढायला लागले. प्रत्येक कागदावर पाऊल केसभर पुढं. एका सेकंदाला बारा कागद, बारा सेकंदांची फेरी, एकशे चव्वेचाळीस कागद. नमुना म्हणून सिंधूच चालायची.

"हनुवटीवरचं गोंदण काढलं नाही का?" मी विचारलं होतं. सिंधूच्या हनुवटीवर तीन हिरवे ठिपके होते, लहानपणी जत्रेत गोंदलेले.

"बारीक ठिपका पडद्यावर थरथरते, वहिनी," भाऊजी म्हणाले. "त्याच्यापेक्षा नसलेला बरा."

"घ्या बाई," सिंधू हसली. "सासूबाई म्हनत, दागिने इथंच ऱ्हातात, गोंदन संगं येते. आन् तुमच्या दिरानं थेच पुसून टाकलं!"

पडद्यावरचं वृंदावन त्यांनी पुरुषभर उंच काढलं होतं. बाई त्याच्यामागे जायची, दिसेनाशी व्हायची, आणि दुसऱ्या बाजूनं यायची. ती बाहेर आली की आमच्या थेटरात बायका हात जोडायच्या.

त्रेसष्टच्या आषाढात तिसरा सिनेमा लागला. त्यात बाई वृंदावनामागे गेली आणि कंपनीचं नाव आलं. बाई परत आलीच नाही.

"लोकं शिट्ट्या मारून राह्यले होते," हिंमतराव भाऊजींना म्हणाले. "बाईची फेरी कवा सरते आन् सिनेमा कवा लागते! अर्धी कापली. काय बिघडलं?"

कापलेले कागद मुंबईत कुठं गेले, ते कळलं नाही.

आषाढी एकादशीला सिंधूनं माझ्या सांगण्यावरून चातुर्मासाचा नियम धरला. रोज पाच प्रदक्षिणा, कार्तिकात तुळशीच्या लग्नापर्यंत, खंड नाही.

आठवडाभरानं, शेवटच्या फेरीत, ती पलीकडे गेल्यापासूनचा पाचवा मणी ओढताना मला जाणवलं की सिंधू दिसत नाही. फूल वेचायला वाकली असेल, असं वाटलं. सहा, सात. दहाव्या मण्याला ती उजव्या बाजूनं आली.

"वाकली होतीस का गं?"

"नाही त. काऊन?"

तिच्या पायांना माती नव्हती. पावसाळ्याचे दिवस, अंगण चिकट झालेलं, आणि तिचे तळवे धुतल्यासारखे कोरडे.

मी कोणाला बोलले नाही. रोज मोजत गेले. श्रावणात सोळा मणी झाले. त्याच दिवशी हिंमतरावांचं पत्र आलं की सिनेमा बारा गावांत चालू आहे. भाद्रपदात दुसरं पत्र आलं, त्यात एकतीस गावं होती. माझे मणी पस्तीस. मी दोन्ही पत्रं देवघरात ठेवली. गावांच्या आकड्यात आपले नेहमीचे चार मणी मिळवले की माझा आकडा येत होता.

"सिंधू, तिकडे काय असतं?" एकदा भाकरी थापताना मी विचारलं.

तिनं पिठाचा गोळा उचलला. "काही नाही, बाई. पांढरं. आन् उजेड खालून येते."

जेवायला बसलेल्या भाऊजींनी पेला खाली ठेवला. काचेखालचा दिवा त्यांनी त्या दिवसापासून लावला नाही.

"नियम राहू दे आता," मी म्हणाले. नियम मोडू नये, असं तिला मीच शिकवलं होतं.

"अर्धी टाकून देऊ?" सिंधू म्हणाली. "थेच त केलं त्या कंपनीवाल्यानं."

दसऱ्याला हिंमतराव आले. दिवाळीला नवा सिनेमा येणार होता, निशाणी आता रंगीत हवी होती. मी म्हटलं, "भाऊ, अर्धी प्रदक्षिणा टाकू नये. बाईला परत येऊ द्या."

"वहिनी, चित्रातली बाई हाय थे!" ते हसले. "तिले कोठी घरी स्वयंपाक करा लागते?"

मी त्यांना सकाळी अंगणात चहा दिला आणि माझ्या शेजारी बसायला सांगितलं. सिंधूची पाचवी फेरी सुरू झाली. ती पलीकडे गेली. हिंमतराव आधी नुसते बघत होते. मग उठले. वृंदावनाभोवती फिरून आले. पस्तिसाव्या मण्याला सिंधू त्यांच्या समोरून चालत आली आणि तिनं पदर सावरला.

"पुरी काढ, वामन," ते म्हणाले. "बारा सेकंद. मारू दे शिट्ट्या."

जाताना फाटकापाशी ते थांबले. "वहिनी, दिवाळीले एकशे चार ठिकानी लागून राह्यला सिनेमा. म्या आगाऊ करार केले."

एकशे चार आणि चार. मी माळ मुठीत धरली. एकशे आठव्या मण्यानंतर मेरुमणी येतो, तो ओलांडायचा नसतो.

भाऊजींनी दिवा पुन्हा लावला. पंधरा दिवस ते काचेवर वाकलेले होते. समोर उभी राहा म्हणून सिंधूला बोलवायची हिंमत त्यांना झाली नाही. सगळं आठवणीतून काढलं. पार्सल जलंबच्या गाडीनं मुंबईला गेलं.

दिवाळीच्या पाडव्याला सिनेमा लागणार होता. सकाळी सिंधूनं माझ्या दिव्याची काजळी आगपेटीच्या काडीनं झटकली. ही तिची रोजची सवय. मग काडी पणतीला टेकवून आडवी ठेवली आणि चालू लागली.

"सिंधू, नको गं आज."

"येते मी," ती म्हणाली.

पाचव्या फेरीत ती पलीकडे गेली, तशी मी माळ पहिल्या मण्यापासून धरली.

शंभर. एकशे पाच. एकशे आठ.

माझ्या बोटाला मेरुमणी लागला. मी माळ उलटी फिरवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

भाऊजी दारात उभे होते. ते विहिरीत वाकून आले, गल्ली बघून आले. आम्ही कोणाला हाक मारली नाही. ऊन अंगणभर झालं. तुळशीची सावली आखडत पायथ्याशी आली, मग दुसऱ्या बाजूला निघाली. मी उठले नाही.

अडीच वाजता थेटरावरचा भोंगा सुरू झाला. खेळाआधी ते गाणी लावतात.

तीन वाजले.

भोंगा बंद झाला.

कुत्रीसुद्धा भुंकायची थांबल्यासारखं वाटलं. मी मोजू लागले. बाई पडद्यावर आली असेल. चालत असेल. आता मागं गेली.

एक. दोन. तीन. चार.

सिंधू उजव्या बाजूनं आली.

भाऊजी पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. मी तिला जवळ घेतलं. ती गरम होती, तिच्या लुगड्याला तुळशीचा वास होता. "भूक लागली, बाई," ती म्हणाली. मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरून वर केलं.

हनुवटी स्वच्छ होती.

मी अंगठ्यानं घासून बघितलं. नंतर भाऊजींकडे बघितलं.

"ठिपके मी काढलेच नव्हते," ते हळू म्हणाले.

याला आता पुष्कळ दिवस झाले. सिंधू हसते, स्वयंपाक करते, पाच प्रदक्षिणा घालते. फेरीला बारा मणी, मागचे चार. कधी तीन नाहीत, कधी पाच नाहीत, पाय मुरगळला होता त्या आठवड्यातसुद्धा नाहीत. काजळी झटकायला मात्र ती विसरली आहे. एकदा मी आठवण करून दिली, तर काडी हातात घेऊन नुसती उभी राहिली.

मी रोज दोन पणत्या लावते. एक समोर, एक वृंदावनाच्या मागे. जप झाला की मागे जाऊन बघते.

मागच्या पणतीची काजळी झटकलेली असते, आणि काडी पणतीला टेकून आडवी ठेवलेली.