पायरी-हापूसचं लेकरू

चिंतामणी आमच्या अनगोळच्या अंगणात शिंकतच शिरला. वैशाख, साल १९३६. आता ते अंगण नाही, आंब्याचं झाडही नाही. वैशाख तेवढा न चुकता येतो.

निपाणीच्या वखारीतून आप्पांना, माझ्या वडिलांना, चिठ्ठी द्यायला आलेला. मी गवतात आंबे रचत होते.

"तंबाखूत असता वाटतं?"

"वासावरनं वळखलं व्हय?"

"तुम्हाला नाही येत?"

"मला कसलाच वास येत न्हाय. सहा वर्षं झाली. सोय लई हाय... कुणाशेजारीबी बसतो."

मी हसू दाबलं. पुढं तो चारदा चिठ्ठ्या घेऊन आला. त्यातल्या दोन कोऱ्या होत्या.

मग त्याच्या मामांनी रीतसर मागणी घातली आणि मला घाम फुटला. मला बघायला आलेल्या मुलाला आप्पा पगार विचारत नसत. हातात आमचा आंबा देत. शेजारणीकडून कोंबडीचं पीस मागून आणून त्यांनी हापूसचे पराग पायरीच्या मोहोराला लावले होते. त्यातून धरलेल्या आंब्याच्या कोयीचं हे झाड. मुलानं चाखून त्याचे आईबाप सांगायचे.

बघण्याच्या आदल्या आठवड्यातच मी कुंपणापाशी त्याच्या कानाशी कुजबुजले, "पायरी आई, हापूस बाप. पाठ करा."

"नको. मग जल्मभर तुमच्या सैपाकाचा वास आल्याचं सोंग करावं लागंल."

"अहो, पण नकार आला तर—"

"तर चिठ्ठ्या हाईतच की..."

बघण्याच्या दिवशी त्यानं आंबा चोखून कोय पांढरी केली. मी दाराआड उभी. पदराच्या टोकाची पार दोरी झालेली.

"हं. आईबाप?" आप्पांनी विचारलं.

"न्हाय सांगता येत, आप्पा. नाकानं कवाच राजीनामा दिलाय."

मामांनी कपाळाला हात लावला. आप्पा उठू लागले.

"...आणिक एक मिळंल?"

आप्पा होते तसे खाली बसले. चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

"पाच वर्षं फळ येतंय. ओळखायला पुष्कळ आले. दुसरा मागणारा हा पहिलाच... विद्युल्लते, आण गं!"

मी धावले. घाईत हाती लागला तो नेमका हिरवाकच्चा. आप्पांनी कापून फोडी त्याच्यापुढं सरकवल्या. त्याचे दात आंबले, डोळ्यांत पाणी आलं. तरी माझ्याकडं बघत त्यानं शेवटची फोडही संपवली.

"लई गोड," म्हणाला.

आमच्या संसारातलं ते पहिलं खोटं.